बेट्टी डेव्हिसची पहिली तबकडी : 1973चा फंक, 2007चं पुनर्प्रकाशन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. जिथे ध्वनिफीत ऐकवली, तिथे कंसात नोंद केली आहे.)

आजचा विषय एकच अल्बम आहे. आठ गाणी, साधारण तीस मिनिटांचा ऐवज. नाव ‘बेट्टी डेव्हिस’, गायिकेचं नावही बेट्टी डेव्हिस. हॉलिवूडची अभिनेत्री बेटी डेव्हिस वेगळी, ती ही नव्हे. हा अल्बम 1973 साली अमेरिकेत निघाला, फारसा खपला नाही, आणि पुढची तीसेक वर्षं तो मुख्यतः जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांच्या जगात फिरत राहिला. 2007 साली सिएटलच्या ‘लाइट इन द अॅटिक’ या छोट्या कंपनीने मूळ टेपवरून त्याचं रिमास्टरिंग करून तो पुन्हा बाजारात आणला. त्यानंतर या बाईंबद्दल लिहिलं जाऊ लागलं, माहितीपट निघाला, तरुण गायिका तिचं नाव घेऊ लागल्या.

आता प्रश्न असा, की मधल्या काळात गाणी बदलली का? नाही. सूर तेच, शब्द तेच, वादक तेच. मग बदललं काय? ‘रिमास्टर’ हा शब्द आपण हल्ली प्रत्येक जुन्या गाण्यापुढे वाचतो. त्याने नेमकं काय होतं, काय होत नाही, आणि एखादी चांगली कलाकृती दुर्लक्षित राहते तेव्हा तिच्यात काय कमी असतं आणि ऐकणाऱ्यांत काय कमी असतं, हे आज या एका उदाहरणावरून बघू.

आधी फंक म्हणजे काय

तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी जॅझवरची व्याख्यानं ऐकली आहेत, पण फंकवर आपण अजून बोललेलो नाही. म्हणून थोडं थांबून हे समजून घेऊ.

चार मात्रांचं एक छोटं आवर्तन डोळ्यांपुढे आणा. रॉक अँड रोलमध्ये जोर असतो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. टाळ्या तिथे पडतात. जेम्स ब्राउनने 1960च्या दशकाच्या मध्यात हे वजन पहिल्या मात्रेवर आणलं. तो आपल्या वादकांना सतत ‘द वन’ची आठवण करून द्यायचा. ‘वन’ म्हणजे पहिली मात्रा. आपल्या भाषेत सांगायचं तर सम. 1967चं ‘कोल्ड स्वेट’ ऐका. त्यात राग-रागिणी नाही, पाश्चात्त्य संगीतात असते तशी स्वरसंवादांची लांब साखळीही जवळजवळ नाही. सगळा खेळ ठेक्याचा.

पण सम हा शब्द वापरला की आपल्या मनात ख्याल येतो. तिथे गायक लांब फिरून येतो, आणि समेवर आला की आपण मान हलवतो. फंकमध्ये आवर्तन दोन-अडीच सेकंदांचं. सगळे वादक दर दोन-अडीच सेकंदांनी समेवर एकत्र येतात, आणि लगेच पांगतात. त्या पांगण्यात मजा आहे. प्रत्येक मात्रेचे चार भाग केले तर एका आवर्तनात सोळा घरं होतात. बेस गिटार यातली काही घरं भरते, ड्रम दुसरी काही, गिटार तिसरी, ब्रास म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोन मध्येच एक ठिणगी टाकून जातात. कुणीच सगळी घरं भरत नाही. उरलेली घरं रिकामी ठेवायची असतात.

हे रिकामं घर लक्षात ठेवा. फंकमध्ये शांततासुद्धा वाजवली जाते. पुढे रिमास्टरिंगकडे आलो की हाच मुद्दा पुन्हा लागणार आहे.

(जेम्स ब्राउन यांच्या ‘कोल्ड स्वेट’मधला अर्ध्या मिनिटाचा भाग ऐकवला.)

बेट्टी मॅब्री कोण

बेट्टी मॅब्री हिचा जन्म 1944 साली नॉर्थ कॅरोलायनामधल्या डरहॅमचा. वाढली पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गला लागून असलेल्या होमस्टेड या पोलाद कारखान्याच्या गावात. घरात ब्लूज ऐकलं जायचं. विशीही गाठली नव्हती तेव्हा ती न्यूयॉर्कला गेली, फॅशनचं शिक्षण घेतलं, मॉडेलिंग केलं, आणि त्याबरोबर गाणी लिहू लागली. 1967 साली चेंबर्स ब्रदर्स या गटाने तिचं ‘अपटाउन’ हे गाणं गायलं. म्हणजे, लक्षात घ्या, लग्नाआधीच ती गीतकार होती.

हे मुद्दाम सांगतो, कारण तिची ओळख बहुतेक ठिकाणी एकाच वाक्यात संपते: माइल्स डेव्हिसची बायको. 1968च्या सप्टेंबरात त्यांचं लग्न झालं आणि ते जेमतेम वर्षभर टिकलं. त्या वर्षात माइल्सच्या कपड्यांपासून संगीतापर्यंत बरंच बदललं. जिमी हेंड्रिक्स आणि स्ली स्टोन यांच्या संगीताकडे त्याला वळवण्यात बेट्टीचा मोठा हात होता, आणि माइल्सनेही आत्मचरित्रात तिचा प्रभाव मान्य केला आहे. ‘फी द किलिमांजारो’ या त्याच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तिचाच चेहरा आहे आणि त्यातली एक रचना तिच्या नावाची आहे. 1972च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये माइल्सने फंकचा ठेका, सतार आणि बादल रॉय यांचा तबला एकत्र आणला, तेव्हा लग्न मोडून तीन वर्षं झाली होती, पण ज्या दिशेला तो निघाला होता ती दिशा 1968-69च्याच काळातली.

हे सगळं खरं आहे. पण यात एक अडचण आहे. ही गोष्ट इतकी चटकदार आहे, की ती सांगून झाल्यावर बाईंचा स्वतःचा अल्बम ऐकायचाच राहून जातो. ‘माइल्सला तिने बदललं’ असं म्हणताना आपण तिचं कौतुक करतो, पण तिचं मोजमाप करायची पट्टी मात्र माइल्सचीच राहते. तेव्हा आता माइल्सला बाजूला ठेवू.

आणखी एक गोष्ट. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मोटाउन कंपनीकडे जाण्याची संधी तिच्यापुढे आली होती. पण त्यात गाण्यांचे प्रकाशन-हक्क कंपनीला द्यावे लागणार होते. ती नाही म्हणाली. आपण लिहिलेलं आपलंच राहिलं पाहिजे, हा तिचा हट्ट होता. त्या काळात एका कृष्णवर्णीय तरुण स्त्रीने एवढ्या मोठ्या कंपनीला नकार देणं म्हणजे काय, याचा विचार करा.

सॅन फ्रान्सिस्कोतली माणसं

अल्बम झाला सॅन फ्रान्सिस्कोत. निर्माता ग्रेग एरिको. हा स्ली अँड द फॅमिली स्टोन या गटाचा ड्रमवादक. 1971 साली तो गटातून बाहेर पडला होता. त्याच गटाचा बेसवादक लॅरी ग्रॅहम 1972 साली बाहेर पडला. म्हणजे त्या काळातल्या सर्वांत प्रभावी फंक गटाचा पाया, ड्रम आणि बेस, मोकळा होता. बेट्टीच्या अल्बममध्ये तो पाया जसाच्या तसा आला.

लॅरी ग्रॅहमबद्दल दोन मिनिटं बोलायला हवं. तरुणपणी तो आईबरोबर हॉटेल-क्लबांत वाजवायचा. आई गायची आणि पियानो वाजवायची, हा बेस वाजवायचा. ड्रमवादक नव्हता. मग ड्रमची उणीव भरून काढायला त्याने अंगठ्याने तार ठोकायला सुरुवात केली, म्हणजे तो झाला पायाचा ड्रम, आणि बोटाने तार खेचून सोडायची, म्हणजे तो झाला स्नेअर. या ठोक-खेच पद्धतीला पुढे ‘स्लॅप बेस’ म्हणू लागले, आणि ती जगभर पसरली. गरज म्हणून काढलेली युक्ती, आणि तिने एका वाद्याची भाषाच बदलली. आपल्याकडचं कुठलंही नाचाचं गाणं ऐका, बेसमध्ये ती खट-खट सापडेल.

बाकीचे वादकही ऐकण्यासारखे. गिटारवर नील शॉन, त्या वेळी सँटानाच्या गटातला, पुढे ‘जर्नी’चा संस्थापक. कळफलकावर मर्ल सॉन्डर्स. ब्रासला टॉवर ऑफ पॉवर या गटातली मंडळी. मागून साथ देणाऱ्या आवाजांत पॉइंटर सिस्टर्स, आणि पुढे डिस्कोचा तारा झालेला सिल्व्हेस्टर. प्रकाशक ‘जस्ट सनशाइन’, ही वूडस्टॉक महोत्सवाच्या आयोजकांपैकी एक, मायकेल लँग, याची कंपनी.

एवढी नावं ऐकून वाटेल की या गर्दीत गायिका हरवली असेल. तसं झालेलं नाही. आठही गाणी तिची आहेत, आणि वादक तिच्या शब्दांभोवती बांधलेले आहेत.

ऐकताना काय ऐकायचं

तीन गाणी घेऊ.

पहिलं, अल्बम ज्याने उघडतो ते ‘इफ आय अॅम इन लक आय माइट गेट पिक्ड अप’. (सुरुवातीचा भाग ऐकवला.) इथे बेस आणि गिटार एकच जाडजूड चाल वाजवतायत, आणि तिच्यावर बेट्टी गात नाही, जवळजवळ गुरगुरते. विषय काय? एक बाई नटून बाहेर पडली आहे, पुरुषांची नजर तिच्यावर पडावी अशी तिची इच्छा आहे, आणि ती ते मोकळेपणाने सांगते. पुरुष गायकांनी हे शेकडो वेळा गायलं होतं. इथे फक्त बोलणारी व्यक्ती बदलली. तेवढ्याने गदारोळ झाला.

दुसरं, ‘अँटी लव्ह साँग’. (ऐकवलं.) संथ लय. इथे बेस किती थोडं वाजवतोय बघा. दोन स्वर, मग पोकळी. ती आवाज खाली आणते, कुजबुजते, मध्येच खरखरीत होते. नाव प्रेमविरोधी गीत, पण ती सांगते असं की मी तुझ्यावर प्रेम करणार नाही, कारण केलं तर काय होईल ते मला ठाऊक आहे. हा नकार आहे, पण दुबळ्या माणसाचा नाही. या गाण्यात त्या रिकाम्या घरांचा जो उपयोग केलाय, तो मला या अल्बमचा सर्वांत उंच क्षण वाटतो.

तिसरं, ‘स्टेपिन इन हर आय. मिलर शूज’. आय. मिलर हे न्यूयॉर्कमधलं महागड्या पादत्राणांचं दुकान. गाणं आहे बेट्टीच्या मैत्रिणीबद्दल, डेव्हन विल्सनबद्दल. रॉक संगीताच्या वर्तुळात वावरलेली ही तरुणी 1971 साली गेली. ठेका नाचायला लावणारा आणि आत एका मुलीच्या नाशाची गोष्ट. पहिल्या गाण्यातली मोकळी बाई आणि या गाण्यातली उद्ध्वस्त झालेली बाई एकाच अल्बममध्ये, पाच-सहा गाण्यांच्या अंतरावर आहेत. म्हणजे ज्या जगाबद्दल ती गाते त्याची किंमत तिला माहीत होती. ज्यांनी तिला फक्त उच्छृंखल ठरवलं, त्यांनी हे गाणं ऐकलं नसावं.

मग चालला का नाही

कारणं एकापेक्षा जास्त आहेत.

पहिलं, रेडिओ. त्या काळी अमेरिकेत रेकॉर्ड विकली जायची ती रेडिओवर वाजली तर. काही केंद्रांनी पहिलं गाणं वाजवायला नकार दिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेकडूनही विरोध झाला. त्यांची भीती अशी, की अशा गाण्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांबद्दलचे गोऱ्या समाजातले घाणेरडे समज पक्के होतील. ही भीती अगदी पोकळ होती असं मी म्हणणार नाही, त्या समजांनी पिढ्यान्‌पिढ्या हाल केले होते. पण त्याचा परिणाम असा झाला, की एका कृष्णवर्णीय स्त्रीने स्वतःबद्दल काय बोलायचं हे तिच्याच लोकांनी ठरवलं.

दुसरं, कुठल्या खणात ठेवायचं हा प्रश्न. सोल ऐकणाऱ्यांना ती फार कर्कश वाटायची, रॉक ऐकणाऱ्यांच्या दुकानात कृष्णवर्णीय गायिका बसायची नाही. दुकानाचा खण सापडला नाही की रेकॉर्ड सापडत नाही.

तिसरं, आवाज. अॅरेथा फ्रँकलिन ज्या काळात गात होती त्या काळात ‘चांगली गायिका’ म्हणजे काय याचा एक साचा होता. बेट्टीचा पल्ला लहान आहे. लांब ताना नाहीत, चर्चमध्ये घडलेला भरघोस स्वर नाही. ती आवाजाचा उपयोग वाद्यासारखा करते, ठेक्यात ठोकण्यासाठी. साच्याने मोजलं तर ती कमी भरते. पण त्या साच्याने तिला मोजायचंच कशाला?

चौथं, छोटी कंपनी, मर्यादित वितरण. 1974 साली ‘दे से आय अॅम डिफरंट’ हा दुसरा अल्बम आला, त्याची निर्मिती तिने स्वतः केली. 1975 साली आयलंड कंपनीकडून ‘नॅस्टी गॅल’. 1976 साली लुईझियानात आणखी एक अल्बम ध्वनिमुद्रित झाला, तो कंपनीने काढलाच नाही. 1980च्या सुमारास वडील गेले, आणि ती संगीतातून बाजूला झाली. पुढची कित्येक वर्षं पिट्सबर्गच्या परिसरात ती शांतपणे राहिली.

रिमास्टरिंग : नेमकं काय करतात

आता दुसऱ्या अर्ध्याकडे येऊ. तीन शब्दांत गोंधळ होतो, तो आधी सोडवू.

स्टुडिओत प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर मुद्रित होतं. 1973च्या सुमारास साधारण सोळा पट्ट्यांची टेप असायची. या सोळा पट्ट्यांचं प्रमाण ठरवून त्या डाव्या-उजव्या दोन पट्ट्यांत आणायच्या, याला मिक्सिंग म्हणतात. भाजीत मीठ, तिखट, गूळ किती हे इथे ठरतं. मग त्या दोन पट्ट्यांच्या टेपवर शेवटचा हात फिरवून ती तबकडीसाठी किंवा सीडीसाठी तयार करायची, हे मास्टरिंग. इथे भाजी झालेली असते. ताटात कशी वाढायची एवढंच हातात असतं.

म्हणून रिमास्टर म्हणजे रिमिक्स नव्हे. रिमास्टर करणारा बेस वेगळा काढून वाढवू शकत नाही. खालच्या पट्टीतला सगळाच आवाज थोडा वाढवू शकतो, म्हणजे बेसबरोबर पायाचा ड्रमही वाढतो. आणि 1990च्या दशकात आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांवर नवे ढोल चढवून ‘झंकार बीट्स’च्या कॅसेट विकल्या जायच्या, ते तर रिमास्टरही नव्हे आणि रिमिक्सही नव्हे. ती जुन्या भिंतीवर मारलेली नवी रंगाची पट्टी.

मग पहिल्याच वेळी मास्टरिंग नीट झालं असेल, तर पुन्हा कशाला? कारण ते तबकडीसाठी केलेलं असतं, आणि तबकडीला स्वतःच्या अडचणी असतात. तबकडीतला आवाज म्हणजे एक बारीक चर. बेस जितका मोठा तितकी चर नागमोडी, आणि ती शेजारच्या चरीत घुसू शकते. म्हणून कापताना बेस कमी करतात आणि वाजवताना अॅम्प्लिफायरमध्ये तेवढाच परत वाढवतात. यासाठी ठरलेलं एक प्रमाण आहे, त्याला आरआयएए वक्र म्हणतात. शिवाय खोल बेस डावीकडे-उजवीकडे न पसरवता मध्यभागी ठेवावा लागतो, नाहीतर पिन उडते.

आणखी एक गोष्ट. तबकडी एकाच गतीने फिरते, पण बाहेरच्या चरीचा घेर मोठा आणि आतल्या चरीचा लहान. त्यामुळे 33⅓ फेऱ्यांच्या तबकडीत बाहेरच्या कडेला पिनखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर चर जाते, आणि आतल्या टोकाला जेमतेम 20 ते 21. कमी जागेत तेवढाच आवाज. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात तीव्र स्वर थोडे फाटतात. बेट्टीच्या अल्बमची एक सोय अशी, की एका बाजूला पंधराच मिनिटं आहेत. चरीला जागा भरपूर मिळते.

2007 साली रिमास्टर करणाऱ्याच्या हातात जी टेप येते, ती तीस-पस्तीस वर्षांची असते. या टेपांचं दुखणं वेगळं. 1970च्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही टेपांतला गोंद हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. तशी टेप थेट लावली तर थर खरवडून निघतो. अशी टेप मंद आचेवर, साधारण 50 ते 55 अंशांवर, काही तास भाजतात, आणि मग थोड्या काळापुरती ती वाजवण्याजोगी होते. टेप लावल्यावर वाचणाऱ्या डोक्याचा कोन टेपशी काटकोनात जुळवायचा. तो किंचित चुकला तरी तीव्र स्वर मंदावतात. मग ते सगळं संगणकात घ्यायचं. इथवरचं काम डॉक्टरचं आहे. खरा निवाडा यापुढे लागतो.

मोठा आवाज आणि रिकामी घरं

1990च्या दशकापासून सीडीच्या बाजारात एक शर्यत सुरू झाली. माझी सीडी तुझ्यापेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे. डिजिटल माध्यमात आवाजाला वरची मर्यादा पक्की असते, तिच्या पलीकडे जाता येत नाही. मग मोठेपणा आणायचा कसा? उंच शिखरं छाटायची आणि सगळी जमीन वर उचलायची. याला कॉम्प्रेशन आणि लिमिटिंग म्हणतात. सगळंच मोठं होतं, म्हणजे काहीच मोठं राहत नाही.

आता मघाचं रिकामं घर आठवा. ‘अँटी लव्ह साँग’मध्ये बेसचा ठोका आणि त्यानंतरची शांतता यांच्यातला फरक म्हणजेच ठेका. तो फरक कमी केला, की स्वर तेच राहतात, पण अंगात येणारी हालचाल जाते. घुमणारी खोली, टेपची खरखर, गायिकेचा श्वास, हे सगळं त्या रिकाम्या घरांत वर येऊन बसतं. तंतुवाद्यांच्या मोठ्या वाद्यवृंदाला थोडं कॉम्प्रेशन चालून जातं. फंकचा जीव जातो. म्हणून फंकचं रिमास्टरिंग संयमाचं काम आहे.

तुम्हाला घरी तपासायचं असेल तर एक सोपी पद्धत सांगतो. जुनी आणि नवी आवृत्ती एकापाठोपाठ लावा, पण आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत व्हॉल्यूम जुळवा. हे केलं नाही तर मोठी असेल तीच आवृत्ती चांगली वाटते, कान नेहमी फसतात. आवाज जुळवल्यावर विचारा : ड्रमचा ठोका अजून उठून येतो का? ठोक्यानंतर शांतता आहे का? सलग चार गाणी ऐकून कान थकले का? थकले, तर बहुधा शिखरं छाटलेली आहेत.

2007ने काय दिलं

पुनर्प्रकाशनात आवाजापलीकडचं बरंच असतं. ‘लाइट इन द अॅटिक’ने पहिले दोन्ही अल्बम काढले. पहिल्यात त्या काळी न निघालेली तीन गाणीही घातली, आणि ऑलिव्हर वांग यांची सविस्तर टिपण जोडली. महत्त्वाचं म्हणजे हे बेट्टी हयात असताना आणि तिच्या सहभागाने झालं. 1976 साली अडकलेला अल्बम 2009 साली निघाला. 1969 साली कोलंबिया कंपनीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण 2016 साली बाहेर आलं. 2017 साली तिच्यावर माहितीपट आला. 9 फेब्रुवारी 2022 रोजी होमस्टेडमध्ये ती गेली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. 2006 साली ती गेली असती तर किती ओळी आल्या असत्या, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

इथे हक्कांचा मुद्दा पुन्हा येतो. गाण्यावर दोन प्रकारचे हक्क असतात. एक शब्द-चालीचा, तो लेखकाचा. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, तो सहसा कंपनीचा. जुने अल्बम वर्षानुवर्षं बंद राहतात ते बऱ्याचदा दुसऱ्या हक्कामुळे. कंपनी बुडते, विकली जाते, टेप कुणाच्या गोदामात आहे ते माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी वकिलाचा खर्च विक्रीपेक्षा जास्त. म्हणून पुनर्प्रकाशन करणाऱ्या कंपनीचं निम्मं काम कानाचं आणि निम्मं कागदपत्रांचं असतं. ज्या बाईने मोटाउनला हक्क द्यायला नकार दिला होता, तिच्या बाबतीत हे निम्मं काम विशेष मोलाचं होतं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : मूळ 1973ची तबकडी चांगली, की नवी?

मूळ प्रत चांगल्या अवस्थेत मिळाली तर ती त्या काळातल्या कानांनी केलेली आहे, तिला तिची किंमत आहे. पण किंमत म्हणजे पैशाचीही आहे, आणि झिजलेल्या चरीतून ऐकण्यात काही पुण्य नाही. ऐकायचं असेल तर पुनर्प्रकाशित प्रत घ्या. शिवाय जुनी तबकडी संग्राहकाकडून घेतली, तर पैसे संग्राहकाला जातात. अधिकृत नव्या प्रतीतला वाटा हक्कदारांकडे जाऊ शकतो.

प्रश्न : तुम्ही काहीही म्हणा, मला तिचं गाणं ओरडल्यासारखं वाटलं.

वाटू शकतं, त्यात गैर काही नाही. मी एवढंच सुचवेन, की पहिल्या गाण्याने सुरुवात करू नका. अल्बमचं शेवटचं गाणं, ‘इन द मीनटाइम’, आधी लावा. ते हळुवार आहे. तिथे कळतं की तिला मऊ गाता येत होतं. म्हणजे बाकीच्या गाण्यांतली खरखर ही मर्यादा नसून निवड आहे. हे एकदा पटलं, की पहिलं गाणं वेगळं ऐकू येतं. तरीही नाही आवडलं, तर नाही.

प्रश्न : मग रिमास्टर झालं नसतं तर हा अल्बम विस्मरणात गेला असता का?

पूर्णपणे नाही. तिच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे हिप-हॉपवाल्यांनी 1990च्या सुमारास उचलले होते, डीजे आणि संग्राहक तो एकमेकांना ऐकवत होते. म्हणजे निखारा होता. पण निखारा टिकवणारे थोडे असतात, आणि त्यांच्याकडची गोष्ट दुकानात मिळत नाही. पुनर्प्रकाशनाने ती दुकानात आणली. आपल्याकडेही अशा कितीतरी तबकड्या आहेत, भावगीतांच्या, लोकसंगीताच्या, ज्यांच्या टेप कुठे आहेत हे कुणी शोधलेलं नाही. टेपचा गोंद मात्र आपण शोधायला निघेपर्यंत थांबत नाही.

वेळ संपत आली आहे. घरी गेल्यावर हेडफोन लावून ‘अँटी लव्ह साँग’ ऐका, आणि बेस वाजत नाही तेव्हा काय ऐकू येतं तिकडे लक्ष द्या. पुढच्या व्याख्यानात स्ली स्टोनच्या गटाबद्दल बोलू.